आर्लच्या बाजारातली फरसबी

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बंगळुरात राहून तीस वर्षं फ्रेंचचा अभ्यास केला. बँकेतली नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग, आणि घरी जेवणाच्या टेबलावर जाडजूड शब्दकोश. फ्रान्स मात्र पाहिला नव्हता. ते सत्तरीचे झाले तेव्हा मी त्यांना आणि आईला दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला घेऊन गेले.

बंगळुरात व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये निम्मं आयुष्य घालवणारी मी, त्या गावात वेड्यासारखी पायी हिंडले. साधी गल्ली वळावी आणि समोर रोमन लोकांनी बांधलेलं दगडी प्रेक्षागार, त्याच्या सावलीत माणसं निवांत कॉफी पीत बसलेली! अण्णांच्या तोंडून मात्र दोन दिवस एक फ्रेंच शब्द फुटेना. बेकरीत ते माझ्या मागे लपायचे आणि मी बोटानं पाव दाखवायची. "चुकलं तर हसतील गं," म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. तीस वर्षांची मेहनत अशीच परत न्यायची की काय?

शनिवारी मोठा बाजार भरला. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर होतं, त्यामुळे आईला भाजी हवी होती. फरसबी दिसताच ती बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारात करते तेच करू लागली. शेंग उचलायची, टोक मोडायचं, कट्ट वाजली तर पिशवीत, नाहीतर परत ढिगात. सहा-सात शेंगा मोडल्यावर भाजीवाली कडाडली. तिथे मालाला हात लावायचा नसतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक! आईचा चेहरा एवढासा झाला.

आणि अण्णा पुढे सरसावले. बोलायला लागले ते थांबेचनात. अडखळत, हातवारे करत, मध्येच एखादा कानडी 'स्वल्प', म्हणजे 'जरासं', घुसला तर तोही तसाच रेटत. भाजीवाली आधी कमरेवर हात ठेवून ऐकत होती, मग खो खो हसत सुटली. तिनं स्वतः एक शेंग मोडून दाखवली आणि सगळा ढीग आईपुढे सरकवला. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"अहो, काय सांगितलंत तिला?" आईनं विचारलं.

"म्हटलं, पंचेचाळीस वर्षं हिनं निवडलेलंच खातोय. एकदासुद्धा खराब निघालं नाही."

आई मान खाली घालून शेंगा मोडत राहिली. पिशवी भरल्यावर म्हणाली, "हे मराठीत सांगायला काय झालं होतं?"