सर, बॅच शांत नव्हती

‘वाफ देवरे सरांनीच वाढवली’ हे सगळ्यात आधी कोण म्हणालं?

मला माहीत नाही. खूप जणांना विचारलं. प्रत्येक जण म्हणतो, मी दुसऱ्याकडून ऐकलं.

आज सरांचा तेरावा होता. त्यांच्या गावाहून, पिशोरहून, आत्ताच परत आले.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. देवरे सर आमच्या केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. मी तिथंच लॅबमध्ये. बी.एस्सी. करून लागले, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.

सरांचा कशावरच विश्वास नसायचा.

"सर, सॅम्पल ओके आहे."
"कशावरून?"
"सर, मी जेवले."
"कशावरून?"

आम्ही पाठीमागे त्यांना ‘कशावरून सर’ म्हणायचो. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "हे माझंच नाव कशावरून?"

त्या दुपारी एस्टरची बॅच चालू होती. आम्ल आणि अल्कोहोल टाकीत घालून बाहेरून वाफ देऊन तापवलं की एस्टर आणि पाणी तयार होतं. पण ही रिॲक्शन उलटीही फिरते. तयार झालेलं एस्टर पाण्याबरोबर मिळून परत आम्ल आणि अल्कोहोल होतं. म्हणून पाणी सतत बाहेर काढावं लागतं.

त्या दिवशी पाणी काढायची लाइन चोकअप झाली होती. रिॲक्शन अर्ध्यावर अडली. मी सॅम्पल लावलं, रिझल्ट आधीचाच. पुन्हा लावलं, तोच.

आमच्या प्लांटमध्ये याला एक शब्द आहे. बॅच शांत झाली.

मॅनेजर साहेबांनी तो शब्द ऐकला आणि त्यांना वाटलं, बॅच गार पडली, तापवली की उठेल.

सर तेव्हा लॅबमध्ये माझ्यासमोर चहा पीत होते. मीही तेच विचारलं, "सर, थोडं तापवलं तर?"

"रविवारी दौलताबादच्या किल्ल्यावर गेलीस कधी?"
"हो सर."
"जेवढे चढत्यात तेवढेच उतरत्यात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणी हालतच नाय. शांत. आता समद्यांना पळायला लावलं तर वरची गर्दी वाढंल?"
"नाही. उतरणारेही पळतील."
"व्हय. उतरायची वाट बंद कर, मग वर गर्दी व्हईल. पाणी काढ म्हणजे झालं. लाइन साफ झाल्याबिगर वाफेला हात लावायचा नाय."

तेवढ्यात लॅबचा फोन वाजला. मी उचलला. खालून ऑपरेटर बोलत होता.

"दीदी, सर कू बोलो, बड़े साहब भाप बढ़ाओ बोले. मैं बढ़ा दिया."

मी सरांकडं बघून ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं बिस्कीट चहात पडलं होतं, ते त्याच्याकडंच बघत होते. "लई शहाणे झालेत," एवढंच म्हणाले आणि पळाले.

लाइन बंद. अल्कोहोलच्या वाफेला जायला जागा नाही. सर खाली वाफेचा व्हॉल्व्ह बंद करत असतानाच टाकीच्या झाकणाचं गॅस्केट फाटलं आणि आतलं उकळतं सगळं त्यांच्या अंगावर आलं.

ते लगेच गेले नाहीत. दवाखान्यात होते. एके सकाळी त्यांच्या मेव्हण्यांचा फोन आला.

"मॅडम, सर शांत झाले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग मला कळलं, काय झालंय ते.

त्यानंतर एचआरच्या मॅडम लॅबमध्ये आल्या. त्याआधी त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

"तू तेव्हा जेवायला गेली होतीस ना गं?"
"नाही मॅडम. मी इथंच होते. सरही इथंच होते."
"नीट आठव. कँटीनमध्ये होतीस तू."

हसून म्हणाल्या. खांद्यावर हात ठेवून.

मग मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "वडील काय करतात?"
"लासूर स्टेशनला मोंढ्यात हमाली करतात."
"मग नोकरी म्हणजे काय ते तुला कळत असेल. तुझं परमनंटचं बघू आपण."

तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय यायला लागला. चौकशी करणाऱ्यांचा, चौकशी न करणाऱ्यांचा. मला अचानक ‘मॅडम’ म्हणणाऱ्यांचा. ऑपरेटर नजर चुकवून म्हणाला, "मेरे कू कुछ याद नहीं दीदी."

माझाही आला. मी खरंच लॅबमध्ये होते ना? पण रिसीव्हर माझ्या हातात होता. ते बिस्कीट मी पाहिलं होतं.

दहाव्याला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला बाजूला घेतलं. "कंपनीची माणसं म्हणत्यात यांचीच चूक. खरं हाय का गं? पोरगी सारखी विचारती."

तिथं सगळे होते. मी नुसती मान हलवली. नाही.

घरी आई म्हणाली, "तू कशाला मधी पडती? गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"
"त्यांच्या पोरीला पडतो आई."
पप्पा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला शिकवलं कशाला मग आपण?"

आधी ऑपरेटरला भेटले. म्हणाले, मी खरं सांगणार आहे. तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.
"मेरे बी बच्चे हैं दीदी."
"माहीत आहे. तुम्हाला हुकूम होता, हेही सांगणार आहे."


परवा मी सुट्टी टाकून कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसमध्ये गेले. वाफ वाढवली तेव्हा देवरे सर लॅबमध्ये माझ्यासमोर बसले होते, फोन मी उचलला होता आणि फोनवर काय ऐकलं, ते सगळं सांगितलं. लिहून घेतलेलं वाचलं आणि सही केली.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "आता राजीनामा देणार?"
"नाही. मी का देऊ?"

काल पहिल्या शिफ्टला कामावर गेले. गेटवर माझं कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग आत सोडलं.

आज काकूंना आणि त्यांच्या मुलीला सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं.

देवरे सर, तुमच्या नावावर ती चूक मी राहू दिली नाही. शेवटचा नमस्कार.