छातीतला बारीक आवाज

किन्हवलीत माझा दवाखाना सत्तावीस वर्षं चालला. त्यातली शेवटची सहा-सात वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं.

कान एकदम गेले नाहीत. आधी पर्समधल्या मोबाइलची रिंग कळेना, मग आतल्या खोलीतून कुकरची शिट्टी कळेना. पेशंटचं बोलणं मी बरंचसं ओठांवरून ओळखायची. जे सुटायचं ते आमच्या सिस्टर मोठ्याने पुन्हा विचारत, जणू त्यांनाच समजलं नव्हतं. सतरा वर्षं त्या माझ्याकडे होत्या. आपण हे असं निभावतोय, असं आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही.

स्टेथोस्कोपचं मात्र निभावता येईना. तो घालायचा तर कानातलं ऐकू येण्याचं मशीन काढावं लागे, आणि मशीन काढलं की काहीच ऐकू येत नसे. कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलं होतं, न्यूमोनियाची छाती कशी वाजते ते कळायला कानाजवळचे केस दोन बोटांत धरून चोळा. मी न्हाणीघरात दार लावून केस चोळून बघायची. नुसती बोटं हलायची.

मग लेकीने पुण्याहून डिजिटल स्टेथोस्कोप पाठवला. त्याचा आवाज वाढवता येई आणि तो थेट कानातल्या मशीनमध्ये येई. पहिल्यांदा मी तो स्वतःच्याच छातीला लावला. ठोके इतके मोठे, इतके जवळून आले की मी दचकले. मग मला रडू आलं. सिस्टरनी उठून दार लोटून घेतलं. त्या दिवशी मी उगाचच पाच-सहा जणांची छाती तपासली. अजून दहा वर्षं काढू, असं सिस्टरना म्हणाले.

मशीन जुळवून घ्यायला ठाण्याला गेले, तेव्हा तिथल्या कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने मला समोर बसवून सांगितलं, "मॅडम, हृदयाचे ठोके जाड आवाजाचे, ते मिळतील. पण बारीक आवाज तुमच्या कानाला आता पकडताच येत नाहीत. कितीही मोठे केले तरी नाही." मी मान डोलावली आणि परतीच्या वाटेवर तिचं म्हणणं मनाआड केलं. ऐकू आलं नव्हतं, असं म्हणायची सोय नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीचे दिवस होते. डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरून नवरा-बायको आले. दोघं पंचेचाळिशीच्या आसपास. त्यांची तिन्ही मुलं माझ्या हातची औषधं पिऊन मोठी झालेली. बायको चार दिवस तापातच भात लावत होती.

"ताप उतरत नाय बाई," नवरा म्हणाला. "आन खोकताना हितं दुखतं सांगते."

मी पुढून, मागून स्टेथोस्कोप लावला. ठोके स्वच्छ, जलद. श्वासाची नुसती हवा आल्या-गेल्यासारखी. बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, आकडा थोडा कमी होता. हात पाण्यात राहून गार पडलेत म्हणून असेल, असं मी ठरवलं. तिचे श्वास मोजायला हवे होते. बाहेरचा बाक भरला होता; मी मोजले नाहीत.

सिस्टरनी त्यांचा साधा स्टेथोस्कोप काढला आणि तिच्या पाठीला लावला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"मॅडम, डाव्या बाजूला खाली काहीतरी चरचरतंय."

"पदर घासत असेल," मी म्हणाले.

"पदर बाजूला आहे, मॅडम."

"सिस्टर, छाती मी बघितलीय."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी पेशंटदेखत अशी बोलले नव्हते. त्यांनी आपला स्टेथोस्कोप खणात ठेवला. मी तापाच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध दिलं. जाताना ती बाई माझ्याकडे बघून हसली.

तिसऱ्या दिवशी तिला जीपने शहापूरला नेलं. तिथून ठाण्याला नेताना वाटेत ती गेली. पाड्यावर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईने सिस्टरना सांगितलं. पेशंट बसलेले असताना मला ते मोठ्याने सांगावं लागलं असतं, म्हणून सिस्टरनी केसपेपरच्या मागे लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. खाली लिहिलं होतं, एक्सरेत डावं फुप्फुस भरलेलं. एवढंच. माझ्यावर बोट ठेवणारा एक शब्द त्यांनी लिहिला नाही, पुढेही बोलल्या नाहीत. उरलेले पेशंट मी त्या दिवशी कसे तपासले, आठवत नाही.

महिन्याभराने तिचा नवरा एकटाच आला. त्याला खोकला होता. मी शहापूरला एक्सरे काढायची चिठ्ठी लिहू लागले, तर त्याने सदऱ्याची बटणं सोडली.

"आदी तुमी बघा."

"मला ऐकू येत नाही," मी म्हणाले. मग थांबता येईना. "तुमच्या बायकोची छाती बिघडलेली होती. या सिस्टरना कळलं होतं. मला ऐकू आलं नाही, आणि मी त्यांचं मानलं नाही."

त्याने मान खाली घातली. बोलला तेव्हा त्याचे ओठ मला दिसत नव्हते. मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने सांगितलं नाही. माझ्या कानाशी आल्या.

"ते म्हणतात, ती घरी जाऊन म्हणाली होती, बाईंनी तपासलं, आता उतार पडेल. म्हणून दोन दिवस आम्ही कुठं नेली नाय."

त्याने बटणं लावली. चिठ्ठी आणि सिस्टरनी दिलेल्या खोकल्याच्या गोळ्या खिशात घातल्या, आणि औषध जेवणाआधी घ्यायचं का नंतर, ते सिस्टरना विचारलं. मला नाही. त्याचा एक्सरे चांगला आला, असं नंतर कळलं. तो पुन्हा आला नाही.

दिवाळीनंतर मी दवाखाना बंद केला. सिस्टर मुरबाडला एका डॉक्टरांकडे लागल्या. जाताना पाया पडायला वाकल्या, तेव्हा त्यांची माफी मागायची होती; मी त्यांना नुसतं डबा नीट नेत जा म्हणाले. अजूनही कधीतरी कुणी लेकराला घेऊन घरी येतं, काहीतरी सांगत राहतं. मी हाताने नाही म्हणते. तरी ती माणसं थोडा वेळ ओट्यावर बसून राहतात.