खिशातून गेलेली प्रार्थना

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी आमच्या गावी, मेडशीत, मेलो. त्या वेळी मी दक्षिण कोरियात होतो आणि माझी तब्येत अगदी ठीक होती.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वाशिमला बी.ए. केलं, आमच्या चर्चच्या पाळकांनी शब्द टाकला आणि सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याच्या, कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण घ्यायला कोरियात जायची संधी मिळाली. मेडशीत ख्रिस्ती घरं तीन. आईनं परवानगी दिली, पण अट घालून.

"जाय. पन तिथं तू रडून राह्यला असं मले समजलं, तर त्याच दिवशी परत बोलावीन. मंग मी कोनाचंच आयकनार नाही!"

त्यामुळे फोनवर मी कायम खूश असायचो.

"जेवन कसं हाये?"

"मस्त!"

"थंडी?"

"गोड लागते!"

"परीक्षा?"

"पहिला आलो!" (शेवटून. पण ते तिनं विचारलं नव्हतं.)

आता तिथल्या प्रार्थनेबद्दल. आमच्या मेडशीत एक जण प्रार्थना करतो, बाकीचे शेवटी आमेन म्हणतात. तिथं शुक्रवारी दोनशे माणसं एकाच वेळी, आपापल्या भाषेत, छातीवर हात मारत, मोठमोठ्यानं देवाला हाक मारतात. बरेच जण रडतात. पहिल्या दिवशी मी घाबरून दारापाशी सरकलो होतो. मग सवय झाली. मग गरज झाली, कारण आठवड्यात रडायला तेवढी एकच सोयीची जागा होती.

त्या शुक्रवारी आईला फोन लावला आणि तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. मी फोन कापला. (निदान मला तसं वाटलं.) तो कोटाच्या खिशात टाकला आणि आत गेलो. तिथं संध्याकाळचे सात, म्हणजे मेडशीत दुपारचे साडेतीन.

पुढचं बाबांनी सांगितलेलं. आईनं फोन उचलला. "हॅलो, दान्या?" पलीकडून दोनशे माणसांचा आक्रोश! आमच्याकडे इतकी माणसं एकत्र रडतात ती एकाच कारणासाठी. आईनं स्पीकर लावला. शेजारच्या शांताकाकू धावत आल्या, कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला.

"मयत हाये."

"कोनाची वो?"

"फोन कोनाचा हाये?"

"दान्याचा."

"मंग!"

पंधरा मिनिटांत ओट्यावर तीस माणसं जमली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून काकू लगेच पिठलं टाकायला गेल्या. बाबांनी दुसऱ्या फोनवरून धनजला मामाला कळवलं. मामा तुरीच्या वावरातून तसाच निघाला आणि एस.टी.त बसला. इकडे मला परत कसं आणायचं यावर चर्चा सुरू झाली.

"विमानानं आनतेत."

"तिकीट लागते का त्याले?"

"झोपून येनार ना तो! जादाच लागन!"

तिकडे कोरियात सभागृह हळूहळू शांत होत गेलं. सगळे थांबले, मी मात्र थांबलो नाही. डोळे मिटलेले, त्यामुळे कळलंही नाही. आणि देवाशी मी वऱ्हाडीतच बोलतो. बी.ए.ची मराठी त्याच्यापुढे टिकत नाही.

"प्रभू, माफ कर..."

"दान्या! जिता हाये माहा पोरगा!" आई किंचाळली. "कोनी बोलू नका!"

बोललो मी एकटाच.

"मी आईशी खोटं बोलतो. पहिला नाही आलो, दोनदा नापास झालो." (आईनं गल्लीत पेढे वाटले होते. सगळी गल्ली आता तिच्याकडे बघत होती.) "शांताकाकूचं लोनचं विमानतळावरच टाकून देल्लं, अन काकूले सांगतलं का सारे बोटं चाटतेत."

काकू पिठल्याचं पातेलं घेऊन दारात पोचल्या होत्या. त्या तशाच माघारी वळल्या.

"अन मले इथं लय एकटं वाटते, प्रभू. आईले कळलं तर परत बोलावन. पन मले जायचं नाही. तूच काहीतरी कर."

बाबा म्हणतात, यानंतर कुणी हसलं नाही. काकूसुद्धा परत आल्या.

मी रुमाल काढायला खिशात हात घातला. फोन गरम होता. सव्वा तासापासून चालू! कानाला लावला तर कुणाचा तरी खोकला ऐकू आला, आमच्याच गल्लीतला.

"आई?"

माझं वर्ष तिथंच संपलं असं मी धरून चाललो. सामान भरायला किती वेळ लागेल, तेही मनात मोजलं.

"आयकलं मी," आई म्हणाली. "येतो का परत?"

"नाही."

"रडून तं राह्यला!"

"हाव. पन रडत रडत राहीन. शिकायचं हाये मले, आई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"मंग राह्य. पन यापुढं रडायचं असन तं आंधी मले फोन लाव. देवाले सारं सांगतो अन मले नाही? त्यानं काय तुले नऊ महिने पोटात वागवलं?"

याचं उत्तर आमच्या प्रशिक्षणात अजून शिकवलेलं नव्हतं.

अंधार पडता पडता मामा एस.टी. स्टँडपासूनच हंबरडा फोडत घरी आला. सगळी गल्ली ओट्यावर बसून पिठलं-भाकर खात होती.

"दान्या रेऽऽ!"

"मामा, तो फक्त नापास झाला," काकू म्हणाल्या. "बसा, जेवून घ्या."

आता मी परत आलोय. तिसऱ्या खेपेला पासही झालो. रविवारी आमच्या ओट्यावर भक्तीची सभा असते आणि मी उपदेश करतो. मुद्दे काढून, बायबलमधली वचनं शोधून, चांगल्या लेखी मराठीत. सात माणसं येतात. सातव्या शांताकाकू. त्या ख्रिस्ती नाहीत, शेजारधर्म म्हणून येतात, आणि दुसऱ्या मुद्द्यापर्यंत त्यांना डुलकी लागते.

परवा त्यांना धीर करून विचारलंच, "काकू, कसं झालं आजचं?"

काकूंनी जांभई दिली आणि माझ्याकडे मोठ्या दयेनं पाहिलं.

"पोरा, खरं सांगू का? नापास होता, तवा तू लय चांगला बोले."