हिरव्या काठाचं भूत

आमच्या सिनेमातलं भूत भर दुपारी हिंडायचं, कारण दिव्यांचा खर्च परवडत नव्हता. रीळ कृष्णधवल असलं आणि कॅमेऱ्यापुढे लाल काच लावली की दुपारची रात्र होते, असं आमचा दिग्दर्शक छातीठोकपणे सांगायचा. हा माझ्या थोरल्या भावाचा मित्र. आठवडाभर कचेरीत फायली हलवायचा आणि रविवारी आमच्यावर ओरडायचा. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. जागा होती नागपूरजवळच्या वाडी गावाच्या पुढे, माळावर एकटी उभी असलेली, कापसातली सरकी काढायची बंद पडलेली जिनिंग गिरणी.

भूत मी होते. वय एकोणीस. घरी दोन हातमाग. बाबा विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायचे. "भूत झालेल्या पोरीले कोण पसंत करन वं?" असं आत्या म्हणाली, तेव्हाच मी ठरवलं की भूत मीच होणार. जिना उतरायचा एकच मोठा प्रसंग माझ्या वाट्याला होता आणि तो मला कुणालाही द्यायचा नव्हता.

लुगडं मात्र घरूनच आणायचं होतं. पांढरं, बिनकाठाचं, असं मी बाबांना बजावून सांगितलं. ते माग चालवतच राहिले. शूटिंगच्या शेवटच्या रविवारी सकाळी त्यांनी खळ देऊन कडक केलेली घडी माझ्या हातात ठेवली आणि मागावर जाऊन बसले.

जिनिंगमध्ये मी घडी उलगडली. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं गडद हिरवा काठ! का, ते मला लगेच कळलं. आमच्या घरी बिनकाठाचं पांढरं कापड विणलं जायचं ते फक्त मेलेल्या माणसासाठी. जित्या लेकीच्या अंगावर ते चढवायला बाबांचा हात धजला नव्हता.

"भूत हाय का नवरी?" दिग्दर्शक कडाडला. "आण ते इकडे. काठ कापून टाकतो."

"कात्री लावायची नाही," मी म्हणाले.

"मग राहू दे. चादर पांघरून मीच उतरतो पाठमोरा. संध्याकाळी कॅमेरा वापस द्यायचा हाय, रीळ एवढंसंच उरलं, अन् तू काहून अडून राहिली वं?"

मी रडायच्या बेतात होते. एकीकडे माझा जिना, दुसरीकडे बाबांचे आठ दिवसांचे कष्ट. पण दोन्हींतलं काहीच सोडायचं नाही, हे पक्कं होतं. मी लुगडं नेसूनच आले आणि चपलांसकट जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिले. कॅमेरा चालवणारे काका एका फोटो स्टुडिओत कामाला होते, फारसं बोलत नसत. "काका, तुम्ही एकदा पाहा तरी," मी म्हटलं.

काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग दिग्दर्शकाला म्हणाले, "मागं चुन्याची भिंत, वरून असं ऊन. नुसत्या पांढऱ्यात हे पोरगी दिसणारच नाही. लाल काचेतून तो हिरवा काठ काळाभोर येऊन राहिला, म्हणून तं भूत दिसते. काठ राहू दे गा."

दिग्दर्शकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, पण "चला" म्हणाला.

भुतानं चपला घालायच्या नसतात. एप्रिलचं ऊन, बाहेरून चढणारा उघडा दगडी जिना. पहिल्याच पायरीला तळवे चटकले. रीळ एकदाच पुरणार होतं. मी दात आवळले, केस तोंडावर घेतले आणि एकेक पायरी सावकाश उतरले. खळीचं लुगडं खडखड वाजत होतं. काकांनी हात वर केला तेव्हाच मी सावलीकडे पळाले.

सिनेमा एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. आम्ही दोरीवरून सरकवलेल्या खोट्या वटवाघळाला लोक पोट धरून हसले. मग मी जिन्यावर दिसले आणि हसणं थांबलं. आत्यानं पदर तोंडात धरला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! बाबा शेजारीच होते, पडद्यावरची नजर न हलवता बसलेले.

बाहेर सायकलचं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "तुये पाय पोळून राहिले होते ना वं?"

एवढ्या माणसांत हे दुसऱ्या कुणालाही दिसलं नव्हतं. मी घरीही सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "पण मी थांबले नाही."

"तेच तं पाहून राहिलो होतो," बाबा म्हणाले.