पुलाच्या पल्याडचं माहेर

माह्या नवऱ्याले, जीवनले, झाडं लावाचं खूळ, अन् तेही लॅपटॉपात. घरातला नळ गळून राह्यला ते दिसत नाही, पण स्टेशनाजवळचं हिवराचं झाड जरासं चुकलं तं जेवण सोडून उठते. मी लय बोलली. जीवन नुसता हासे.

ट्रेन सिम्युलेटर म्हणतात त्याले, कॉम्प्युटरवर रेल्वे चालवाचा खेळ. त्यात त्यानं आपली शकुंतला बसवाची ठरवली. दारव्ह्याहून यवतमाळकडं जाणारी ते लहान गाडी, बंद होऊन कितीक वर्षं झाले. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद केलं की गंजल्या रुळाच्या बाजूनं मोटरसायकल घेऊन जाये, फोटो काढे, अन् घरी येऊन तसाच पळस, तसंच कवेलूच्या छपराचं स्टेशन उभं करे.

हे सारं त्याच्या आईसाठी. नंदाबाईले, म्हणजे माह्या सासूले, काचबिंदू. डॉक्टरनं सांगतलं, गेलेली नजर वापस येत नाही, अन् उरलेलीही जाऊन राह्यली. तिचं माहेर त्याच रुळावर, नाल्याच्या पल्याडच्या तांड्यात. आता तठी ना भाऊ, ना घर. डोळे आहेत तवर तिले तो रस्ता एकदा दाखवाचा, एवढंच जीवनच्या मनात होतं. हे समजलं तवा माहा राग अर्धा झाला.

काम झालं. सासूले खुर्चीवर बसवलं. इंजिनातून दिसते तसे रूळ समोरून येऊन राह्यले, दोन्हीकडं पळस फुललेला, दूर निळे डोंगर. मले तं सपनात गेल्यासारखं वाटलं. सासूनं शेवटपर्यंत पाह्यलं अन् म्हणाली, "हा माहा रस्ता नोहे."

जीवनचं तोंड एवढंसं झालं. मले असा राग आला सासूचा! तरी विचारलं, मंग कसा होता तुमचा रस्ता? ते सांगत गेली. आमच्या बंजाऱ्यांत तवा सासरच्या शिवारात सुनेचा पदर तोंडावरच राहे. डब्यात सासरा, दीर. नंदाबाई दारापाशी खाली बसे, मान घालून. तिनं डोंगर पाह्यलेच नव्हते. पदराखालून दिसे ते रुळाकडची खडी, तरोट्याची रोपटी, अन् संगं पळणारी डब्याची सावली. नाल्याचा पूल खडखडला की सासरची हद्द सरे. तठी ते पदर वर करे, अन् तठून पुढं आभाळ.

जीवन पुन्हा कामाले लागला. पाहाची जागा इंजिनातून काढून डब्याच्या दारापाशी, खाली आणली. खडी टाकली, तरोटा उगवला, सावली पळवली. पुलापर्यंत आभाळ दिसूच देलं नाही. यावेळी सासूनं स्वतःहून पदर ओढून घेतला. पूल खडखडला, तिनं तो वर केला, अन् ढसाढसा रडली. मीही रडली.

आता तिले उजेड-अंधार तेवढा समजते. तरी संध्याकाळी लॅपटॉपात गाडी लावा लागते. जीवन दुकानात असला तं मीच लावते. काल पूल खडखडला, तिनं पदर वर केला, अन् हात चाचपत माह्या डोक्यावर आणला. तिच्यासमोर मी डोक्यावर घेते तो पदर हळूच मांगं सारला.

"राहू दे वं, बबिता. पूल गेला. इथून पुढं मी तुही सासू नाही."