तनिषाने मागितलेली फेरमुलाखत

लंडनजवळच्या पिनरच्या दामल्यांची तनिषा ग्लासगोला जाऊन नेमकं करते काय, हे तिथल्या मराठी मंडळात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. डॉक्टर नाही, बँकेत नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच नाही. गणपतीच्या जेवणात एका काकांनी भर पंगतीत विचारलं, "काय हो ज्ञानेश्वरराव, तुमची लेक म्हणे आलेल्या लोकांना परत धाडते?" ज्ञानेश्वरराव खाली बघून पुरी मोडत राहिले. उत्तर लेकीनेच दिलं, तिच्या त्या पिनरमध्ये वाढलेल्या मराठीत. "काका, मी धाडत नाही, मी डिसाइड करते. ते डिफरंट काम आहे."

आणि आहेच ते वेगळं. जिवाच्या भीतीने देश सोडून आलेला माणूस इथल्या सरकारकडे आसरा मागतो. त्याची मुलाखत होते, शब्द न् शब्द टाइप होतो. मग एक अधिकारी ते सगळं वाचून ठरवतो, की हा सांगतोय ते पटण्याजोगं आहे का आणि परत पाठवला तर याच्या जिवाला धोका आहे का. तो अधिकारी म्हणजे आमची तनिषा. त्यात काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस त्या खुर्चीत बसून बघावं.

हिवाळ्यात तिच्याकडे रहमतुल्ला नावाच्या अफगाण माणसाची फाइल आली. हा तिकडे व्हॅन चालवायचा. मुलींच्या शाळा बंद झाल्यावर त्याची बायको घरातच चोरून मुलींना शिकवायला लागली. ते फुटलं आणि बंदूकवाले दारात आले. बायको-मुलं शेजारच्या देशात पोचली, हा धडपडत इथवर आला. मुलाखत घेणारा अधिकारी आता दुसऱ्या टीममध्ये गेला होता, त्यामुळे निर्णय तनिषाने लिहायचा होता.

मुलाखतीत एक घोळ होता. बायकोचं नाव विचारलं तर हा गप्प. पुन्हा विचारलं तर म्हणे, "मुलांची आई." आणखी एकदा विचारलं तर, "आमच्या घरची." शेवटी अधिकाऱ्याने शेरा मारला होता, की अर्जदार टाळाटाळ करतो.

तनिषाची नोकरी अजून पक्की व्हायची होती, म्हणून तिच्या प्रत्येक निर्णयावर मॉरीनची सही लागायची. मॉरीन तिची वरिष्ठ, मूळ ग्लासगोची, कामाला वाघ. ती म्हणाली, "सगळी केस बायकोवर उभी आहे आणि याला बायकोचं नाव सांगता येत नाही. रिफ्यूज कर." तनिषालाही ते पटलं. खोटं कशाला सांगा, तिने नकाराचं पत्र निम्मं लिहिलंसुद्धा.

'मुलांची आई' हे शब्द टाइप करताना मात्र तिचा हात थांबला. तिला नीनाताई आठवल्या, म्हणजे तिची आई. हॅरोच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलेली बाई, आणि नवऱ्याला आजही 'अहो'. ज्ञानेश्वररावांच्या ऑपरेशनच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, तर नीनाताई लाजून लाल झाल्या आणि पर्समधून नवऱ्याचा बसपास काढून तिच्यापुढे धरला. ती मुलगी संशयाने बघत राहिली. शाळकरी तनिषाला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तिने ऑफिसातली त्या देशाबद्दलची सरकारी माहिती उपसली. परक्या पुरुषासमोर बायकोचं नाव घेणं तिकडे बऱ्याच ठिकाणी लाजिरवाणं मानतात, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. पहिल्या मुलाखतीत अधिकारी पुरुष, दुभाषाही पुरुष. तनिषा तडक मॉरीनकडे गेली. "मला फेरमुलाखत हवी. दुभाषी बाई हवी."

"कन्फर्मेशन तोंडावर आलंय तुझं. केस लांबली तर ते तुझ्या नावावर लागेल."

"लागू दे. माझी आई अशी आहे म्हणून मी त्याला आसरा ग्रँट करू शकत नाही. पण एवढ्यावरून रिफ्यूजही नाही करू शकत."

अभिमान वाटावा तो या वाक्याचा. दया दाखवणं सोपं असतं, आणि हात झटकणं त्याहून सोपं. पोरीने दोन्ही केलं नाही.

फेरमुलाखतीला रहमतुल्ला आला तो खांदे पाडूनच. पुन्हा तोच प्रश्न येणार, म्हणून बिचारा धास्तावलेला. तनिषाने तो विचारलाच नाही. तिने विचारलं, "त्या मुलींना काय शिकवायच्या?"

त्याने मान वर केली. "गणित."

आणि मग माणूस जो सुटला! मुली फडक्याखाली कणकेचा गोळा घेऊन यायच्या, बघणाऱ्याला वाटावं भट्टीवर रोटी भाजायला चालल्यात. कपाटाच्या दाराला आतून काळा रंग दिला होता. दार लावलं की फळा गुप्त. मुली गेल्या की बायको यालाही अपूर्णांक शिकवायची आणि चुकला की मुलींपेक्षा जास्त ओरडायची. तनिषाने आडून-आडून, उलटसुलट विचारलं, चहाडी कुणी केली, कपाट कुठल्या खोलीत, शेवटचा वर्ग कधी. तो कुठेही अडखळला नाही. बायकोबद्दल बोलताना त्याचा ऊर भरून येत होता, आणि ते बघून तनिषालाही भरून आलं, पण तिने चेहरा निर्विकार ठेवला.

शेवटी नियमाप्रमाणे तिने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

त्याने दुभाषी बाईकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. ताठ बसून म्हणाला, "मरझिया. मरझिया मास्तरीण. सरकारच्या कागदावर लिहा."

तनिषाने आसरा मंजूर केला आणि निर्णय सहीला पाठवला. मॉरीनने तो सावकाश वाचला, दोन खोचक प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून घेतली. मग म्हणाली, "आपण नुसतं 'अर्जदाराची पत्नी' लिहितो. तू प्रत्येक ठिकाणी नाव घातलंयस."

"त्यानेच लिहायला सांगितलंय," तनिषा म्हणाली.

मॉरीनने सही केली, आणि नाव एकाही ठिकाणचं खोडलं नाही.