मागचा ब्रेक

आधीच सांगते – या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते, करमणूक म्हणून. माझं काम एक्स-रे काढायचं. कार्डिफच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं माणसं आतून बघितली. हाडं दिसली, फुप्फुसं दिसली, एकदा गिळलेलं नाणंही दिसलं... बाकी काही दिसलं नाही. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला वेड्यात काढलं तर माझी ना नाही. मीही काढलं असतं.

गोष्ट २००६ च्या मार्चमधली. त्याआधीच्या महिन्यात माझा नवरा, सुधीर, ऑफिसात बसल्या जागी गेला. हार्ट अटॅक. नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मी जेवत होते, दारात येणाऱ्यांना थँक यू म्हणत होते, पण दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. रडूसुद्धा आलं नाही.

सुधीरच्या मागे घरापुढच्या ड्राइव्हवर दोन वस्तू उरल्या – त्याचा पिकअप ट्रक आणि एक अमेरिकन कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाकडून त्याने ती घेतली होती, आईंसाठी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच राहायच्या. त्यांना बाहेरचं पाणीदेखील चालायचं नाही, मग हॉटेलात कशा राहणार? "आई, तुझं स्वयंपाकघरच मागे बांधून नेतो, सगळं स्कॉटलंड दाखवतो," असं तो म्हणायचा.

घोडं अडलं ब्रेकपाशी. इथल्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक पुढच्या गाडीने वेग कमी केला की आपोआप लागतात. या अमेरिकन धुडाचे मात्र विजेवर चालणारे. त्यासाठी ट्रकमध्ये वेगळा कंट्रोलर बसवावा लागतो आणि तो इथे मिळेना. सुधीरने अमेरिकेतून मागवला. जानेवारीच्या थंडीत ट्रकखाली आडवं पडून वायरी ओढल्या आणि स्टिअरिंगखाली ती काळी डबी बसवली. तिला एक छोटी दांडी होती. ती दाबली की फक्त मागच्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक लागायचे आणि चाकांतून बारीक गुणगुण ऐकू यायची. मला सुपरमार्केटच्या रिकाम्या कार पार्कमध्ये नेऊन शिकवलं त्याने. "मागचं हेलकावे खायला लागलं ना, की पुढचा ब्रेक मारायचा नाही. ही दांडी दाबायची. मागचं सावर, पुढचं आपोआप सावरतं."

मी म्हटलं, "तूच चालव बाबा."

तो गेल्यावर बर्मिंगहॅमहून माझी मुलगी रुचा आली, पुण्याहून दीर आले, श्रीकांत भावजी. दहाव्याला मागच्या गार्डनमध्ये पिंड ठेवला. कावळ्यांना इथे तोटा नाही. एक येऊन कुंपणावर बसला... तो बसूनच राहिला. भावजींनी सगळं बोलून पाहिलं – "दादा, रुचाचं शिक्षण पुरं करू," "दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म. शेवटी बरोबर आणलेल्या दर्भाचा कावळा करून शिववला. मला काहीच वाटलं नाही. थंडी तेवढी वाजत होती.

मग ठरलं की आईंना भावजी घेऊन जाणार. माझ्या शिफ्ट्स, रुचा बर्मिंगहॅमला शिकायला, आणि आईंचं-माझं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिकडे भावजी आणि जाऊबाई दोघंही नोकरीवर, म्हणून त्यांनी घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवली होती. आईंनी मान हलवली आणि बॅग भरली.

त्याच आठवड्यात ट्रक आणि कॅरॅव्हॅन न्यायला ॲलन आला. न्यूपोर्टकडचा गृहस्थ, दोन्ही एकत्र विकत घेत होता. त्याने कॅरॅव्हॅन जोडली, थोडी पुढे घेऊन पाहिली. छान चालली. मी चहा दिला. चहा पिऊन तो निघाला आणि ट्रक जागच्या जागी घुरघुरत राहिला. कॅरॅव्हॅनची चाकं घट्ट.

"ममा, चाक फिरतच नाही आहेत!" रुचा ओरडली.

ॲलनने इंजिन बंद केलं. कॅरॅव्हॅनचा प्लग काढला. प्लग निघाला की विजेचे ब्रेक सुटतात, सुटलेच पाहिजेत. सुटले नाहीत. कॅरॅव्हॅनच्या पुढे एक लहान बॅटरी असते, जोड तुटून ती सुटली तर ब्रेक लागावेत म्हणून. तिच्याही वायरी त्याने काढल्या. मग वाकून चाकाला हात लावला.

"इट्स हमिंग," तो म्हणाला. "देअर्स नो पॉवर ऑन इट, अँड इट्स हमिंग."

मीही हात लावला. चाक थरथरत होतं. तीच गुणगुण, कार पार्कमधली.

तेवढ्यात भावजींनी – बँकेत मॅनेजर असलेल्या माणसाने – चक्क कॅरॅव्हॅनपुढे हात जोडले. "दादा, विकायची नाही का? नाही विकत, जा." काही नाही. "दादा, रुचाच्या लग्नाला..." रुचा म्हणाली, "काका, प्लीज!" ॲलन बिचारा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

मी मागे वळले. आई दारात उभ्या होत्या. अंगात सुधीरचं जुनं टोपीवालं जाकीट, बाह्या दुमडलेल्या. ओठ हलत होते. जप करत असतील असं मला वाटलं.

पुढचं मी ठरवून बोलले नाही. दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगावं, इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "आई कुठे जाणार नाहीत. माझ्याजवळ राहतील."

टक्क.

गुणगुण थांबली. आमचा ड्राइव्ह उताराचा – कॅरॅव्हॅन हलकेच पुढे आली आणि तिचा भार ट्रकवर टेकला. ॲलन म्हणाला, गंज असेल, दमट हवेत चिकटतात कधी कधी. माझ्याकडे न बघता म्हणाला. मग सगळं परत जोडून, ट्रक आणि कॅरॅव्हॅन घेऊन तो जो गेला, तो पुन्हा काही त्याचा फोन आला नाही.

गंजाने चाकं धरतात, हे मला पटतं. गंज गुणगुणतो, हे नाही पटत. आमच्या हॉस्पिटलातल्या इंजिनिअरलाही विचारलं. बॅटरी काढल्यावर? शक्यच नाही, म्हणाला. आजपर्यंत मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

आई राहिल्या. आजही आमचं पटत नाही – परवाच आमटीत गूळ किती यावरून वाजलं. पण एक गोष्ट त्यांनी पुष्कळ उशिरा सांगितली. मी पोळ्या लाटत होते, त्या भाजत होत्या. मी सहज विचारलं, "आई, त्या दिवशी दारात कसला जप करत होतात?"

"जप कसला?" त्या म्हणाल्या. "त्याला सांगत होते. म्हटलं, मी आनंदाने जाते रे, माझी काळजी करू नकोस, तुझ्या बायकोला अडवू नको. परत परत सांगितलं." त्यांनी पोळी उलटली. "आईचं ऐकलं का त्याने?"

मी लाटणं खाली ठेवलं आणि सुधीर गेल्यापासून पहिल्यांदा रडले.